जाड कापडासाठी जुनी शिलाई मशीन निवडताना

जुनी मशीन पाहायला निघताना पैशाआधी पिशवीत कापड टाका. जे शिवायचं आहे तेच कापड. फवारणी पंपाचे पट्टे शिवायचे असतील तर नायलॉन पट्ट्याचा हातभर तुकडा, बंडीवरच्या ताडपत्रीचा कोपरा, पोळ्याच्या झुलीचं कापड, नाहीतर जुन्या लुगड्यांच्या वाकळीचा एक तुकडा. सोबत तुमचाच दोरा आणि १८ नंबरच्या दोन नव्या सुया. विकणारा सुती चिंधीवर सरसर टीप मारून दाखवतो आणि ती टीप सुरेखच येते, कारण पातळ कापडावर जवळपास प्रत्येक जुनी मशीन सुरेख चालते. ताडपत्रीच्या कोपऱ्यावर आठ पदर एकावर एक येतात तेव्हा ती काय करते, हे तिथेच पाहून घ्यायचं असतं.

'जाड' हा शब्द आपण फार ढिला वापरतो. मशीनच्या दृष्टीने जाड कापडं तीन जातीची, आणि तिन्हींची मागणी वेगळी. पहिली जात घट्ट विणीची: कॅनव्हास, जीन्स, नायलॉनचा पट्टा. यांची जाडी फार नसते, पण सुई आत शिरायला आणि त्याहून जास्त बाहेर निघायला जोर लागतो. दुसरी जात फुगीर: वाकळ, गादीची खोळ, रुई भरलेली दुलई. इथे सुई सहज जाते. अडतं ते फूटखाली, म्हणजे कापड वरून दाबून धरणाऱ्या पायाखाली. कापड आत सरकतच नाही, सरकलं तर पुढे जात नाही, आणि उजवीकडे मशीनच्या हाताखाली, म्हणजे वरच्या आडव्या भागाखाली, त्याची वळकटी मावत नाही. तिसरी जात चिकट: रेक्झिन, ट्रॅक्टरच्या सीटचं कव्हर, प्लास्टिकचा थर दिलेली ताडपत्री. ती फूटला धरून बसते आणि पाडलेलं भोक पुन्हा मिटत नाही. आपलं काम यांतल्या कोणत्या जातीचं जास्त, हे आधी ठरवा. एकच मशीन तिन्ही कामं सारखी करेल ही अपेक्षा धरली की निवड चुकते.

दुसरा गैरसमज मोटरीचा. मोटर लावली की मशीन जाड कापड शिवते असं सर्रास सांगितलं जातं. घरगुती मशीनला लागणारी छोटी मोटर वेगात असते तेव्हा जोर देते. जाड कापडावर आपल्याला हवा असतो हळू चालीतला जोर, आणि नेमका तिथेच ती गुरगुरत अडते व तापते. पायमशीनचं गणित उलट आहे. खालचं मोठं बिडाचं चाक एकदा फिरायला लागलं की त्याच्या वजनातच ताकद साठलेली असते, आणि अवघड जागी पाय थांबवून उजव्या हाताने वरचं चाक एकेक टाका फिरवता येतं. जाड कापडाचं निम्मं काम तसंच होतं. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली तरी काम थांबत नाही, हा आणखी फायदा. मोटर नंतर केव्हाही लावता येते. जाड कामासाठी घेणाऱ्याने पायाचा स्टँड मोडीत काढू नये.

आता मशीनकडे. आपल्याकडच्या आठवडी बाजारात, कबाड्याकडे किंवा बंद पडलेल्या टेलरच्या दुकानातून जी काळी मशीन निघते, ती बहुतेक सिंगरच्या '१५' या घडणीची असते, मग वर नाव कोणतंही असो. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगची उषा, लुधियानात बनलेल्या असंख्य मशीन, सगळ्यांचा सांगाडा हाच. डाव्या बाजूने उभी बसणारी बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची डबी), मागेपुढे झुलणारं शटल (वरच्या दोऱ्याचा फास पकडणारा भाग) आणि फक्त सरळ टाका. जाड कापडासाठी सरळ टाक्याची मशीन उणी नाही, उलट बरी. सुई जिथून खाली जाते त्या सुईपट्टीचं भोक लहान आणि गोल असल्याने कापडाला सुईच्या अगदी जवळून आधार मिळतो. झिगझॅग, म्हणजे नागमोडी टाक्याच्या मशीनला तिथे आडवी फट असते, सुईबरोबर कापडही त्या फटीत खाली दबतं. शिवाय नंतरच्या काळातल्या पुष्कळ झिगझॅग मशीनमध्ये नायलॉनचे गिअर आले. ते वयाने ठिसूळ होतात आणि जाड कापडावर जोर बसला की दाते उडतात.

या १५ घडणीची बाजू अशी, की तिची सुई, बॉबिन, बॉबिन केस, शटल आणि कापड खालून पुढे सरकवणारे दाते तालुक्याच्या गावी मिळतात. मर्यादा अशी, की फूट उचलल्यावर खाली साधारण ६ मिलिमीटर जागा, मशीनच्या हाताखाली १६ सेंटिमीटरच्या आसपास, आणि सर्वांत लांब टाका सुमारे ४ मिलिमीटर. जीन्सचे चार-सहा पदर, कापूस वेचणीच्या झोळ्या, शाळेची दप्तरं, पंपाचे पट्टे, जाड खादीचे पडदे ही कामं ती नेटाने करते. रोज दहा ताडपत्र्या शिवायच्या असतील तर ती तुमची मशीन नव्हे.

सिंगरची २०१ फार गोड चालते. तिचं शटल झुलत नाही, पूर्ण गोल फिरतं, आत गिअर आहेत, हाताखालची जागा २० सेंटिमीटरच्या घरात. वाकळीसाठी ही जागा मोलाची. पण दोरा फार जाड झाला की ती रुसते, आणि शटलचा एखादा भाग झिजलेला निघाला तर शोधत फिरावं लागतं. चांगल्या अवस्थेतली समोर आली तरच घ्यावी.

जाड कामासाठी माझी पसंती सिंगरच्याच ३१ के ला, म्हणजे शिंप्यांसाठी बनलेल्या लांब हाताच्या मोठ्या मशीनला. आकार मोठा, वजन जास्त, शटल मोठं, फूट गुडघ्याने उचलायची सोय, म्हणून दोन्ही हात कापडावर राहतात. तिच्या भारतीय नकलाही निघाल्या आणि त्या चांगल्या चालतात. फक्त तिला घरगुती चपटी (दांडा एका बाजूने सपाट असलेली) सुई चालत नाही, गोल दांड्याची लागते. अशा मशीनसाठी डीबी एक्स १ ही बारीक गोल दांड्याची सुई सर्रास वापरली जाते. तिचा दांडा सुमारे १.६ मिलिमीटरचा, तर डीपी एक्स ५ चा २ मिलिमीटरचा. आधीच्या मालकाने कुठली वापरली ते विचारा आणि जुनी सुई काढून घेऊन दुकानात जोडी लावा. लांबीत थोडा फरक पडला तरी शटलची नोक सुईच्या डोळ्याच्या चुकीच्या जागी येते आणि टाकाच पडत नाही. मग मशीन बिघडलीय असं समजून लोक ती उघडायला बसतात.

चांभारकामाची २९ के कुठे दिसली तर मोह होतो, कारण तिचं फूट चहूबाजूंना फिरतं. ती ठिगळाची मशीन आहे. खालून दाते नाहीत, कापड फूटच ओढतं, बॉबिन लहान. चप्पल, पिशवीचा तळ, फाटलेला कोपरा यासाठी अप्रतिम. दहा फुटांची सरळ शिवण तिच्यावर वाकडी येणारच. लांब होडीसारख्या शटलच्या त्याहून जुन्या मशीन दिसायला देखण्या असतात, पण लांबुळक्या बॉबिन आपल्याकडे मिळणं कठीण. त्या जाड कामासाठी सोडून द्या.

नावावरून भाव वाढवला जातो, म्हणून एवढं माहीत असावं. '१५ के', '२०१ के' यांतला 'के' म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा किलबोवी कारखाना. तो १९८० मध्ये बंद झाला. तिथल्या अनेक मशीनवर बेडच्या, म्हणजे खालच्या सपाट बैठकीच्या, उजव्या बाजूला नंबराआधी एफ, वाय किंवा ईए, ईबी अशी अक्षरं ठोकलेली असतात. नुसतं सोनेरी चित्र कोणीही चिकटवतं. यंत्रांबद्दल इतके सावध असणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद मानलं होतं. वर्धा-सेवाग्रामच्या खादीशी या मशीनचं नातं म्हणून विजोड नाही. मात्र जुन्या सिंगरमध्ये 'लाल पारा' असतो ही अफवा निव्वळ खोटी. २००९ मध्ये सौदी अरेबियात तिने असाच गोंधळ उडवून दिला होता. मशीनमध्ये बीड, पोलाद आणि तेल याशिवाय काही नाही. त्या नावाने कोणी जास्त पैसे मागितले तर उठून यावं.

तपासणी सावकाश करा. आधी दोन चाकांमधला पट्टा उतरवून वरचं चाक आपल्याकडे फिरवा. एका पूर्ण फेऱ्यात चाक सगळीकडे सारखं हलकं हवं. सगळीकडे सारखंच जड असेल तर घाबरू नका, ते बहुधा वाळलेलं तेल असतं. मशीन ऑइल संपलं की घरातलं खायचं तेल घालायची सवय आपल्याकडे आहे. करडई आणि जवसाचं तेल तर हवेत सुकून पापडीसारखं घट्ट होतं. जवसाचं तेल रंगात वापरतात ते याच गुणामुळे. अशी मशीन सुटते. पण चाक एकाच जागी, प्रत्येक फेऱ्यात तिथेच अडत असेल, 'टक' आवाज येत असेल, तर आत काही वाकलंय किंवा शटलच्या जागेत तुटलेल्या सुईचा तुकडा अडकलाय. बॉबिन केस काढून शटल बाहेर घ्या आणि पुन्हा फिरवा. अडणं गेलं तर दोष तिथेच, स्वस्तात सुटेल. तरीही अडत असेल तर सोडा.

मग सुईचा दांडा, म्हणजे सुई जिच्यात बसते ती वर-खाली होणारी मशीनची दांडी, चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे हलवा. जेमतेम जाणवेल इतकी हालचाल चालते. स्पष्ट खटखट हलत असेल तर दांड्याची घरं झिजली आहेत. पातळ कापडावर हा दोष लपतो. जाड कापडात सुई वाकते, ढिला दांडा तिला आणखी वाकू देतो, आणि ती पट्टीवर किंवा शटलवर आपटते. माझ्या मते हीच एक तपासणी सगळ्यांत महत्त्वाची, कारण ही झीज गावातला कारागीर दुरुस्त करू शकत नाही.

शटलची नोक नखावर टेकवून पाहा. ती टोकदार हवी, बोथट किंवा ओरखडलेली नको. सुईपट्टीच्या भोकाभोवती सुई आपटल्याचे खड्डे असतील तर दोरा तिथे घासून पिंजतो. बारीक पॉलिश पेपर दोऱ्याला गुंडाळून भोकातून ओढला की कडा गुळगुळीत होते, नाहीतर नवी पट्टी बसवावी, महाग नाही. दाते पूर्ण वर आले की पट्टीपासून साधारण १ मिलिमीटर उंच दिसायला हवेत, आणि बोटाला टोचायला हवेत. गुळगुळीत झालेले दाते वाकळ ओढतच नाहीत. वरचा दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये दोऱ्याने पाडलेली खाच आणि गंज पाहा. शेवटी मशीन मागे उलटी करून बिजागऱ्यांजवळचं बीड आणि हाताचा खालचा कोपरा नीट पाहा. तडा किंवा वेल्डिंगचा डाग दिसला तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका.

आता पिशवीतलं कापड काढा. नवी सुई लावा. चपट्या सुईचा सपाट भाग शटलकडे, आणि लांब खाच दोरा ज्या बाजूने ओवायचा त्या बाजूला. कापडाची कड दोनदा दुमडून, तिच्यावर आडवी तशीच दुसरी दुमडून, तो उंचवटा फूटखाली सरकवा. तो सरकतच नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. सरकला तर आधी हाताने वीस टाके. सुई आत जाताना किती जोर लागतो यापेक्षा ती वर येताना कापड सोबत उचललं जातं का, हे पाहा. उचललं जात असेल तर दोऱ्याचा फास नीट बनत नाही, शटलच्या नोकेला तो सापडत नाही आणि टाका सुटतो. वरचा दाबाचा स्क्रू दोन फेरे घट्ट करून पुन्हा पाहा. तेवढ्याने टाके भरले तर मशीन निर्दोष.

सुई आणि दोऱ्याची सांगड इथेच सांगतो, कारण चांगल्या मशीनवर येणारे निम्मे आळ खरे तर चुकीच्या सुईचे असतात. दोऱ्याच्या रिळावरचा तिकीट नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. ब्लाउजसाठी टेलर वापरतात तो १२० च्या आसपास. जीन्सला ६० नंबर आणि १६ ची सुई. पट्टे, दप्तरं, कॅनव्हासला ४० नंबर पॉलिस्टर आणि १८ ची सुई. याहून जाड दोरा १५ घडणीच्या मशीनमध्ये कोंबू नये. सांगड बरोबर आहे का ते पाहायला हातभर दोरा सुईत ओवून तिरपा ताणून धरा. सुई आपल्या वजनाने घसरत खाली आली पाहिजे. अडली तर पुढचा नंबर घ्या. मोठी सुई लावल्यावर चाक पहिल्यांदा हातानेच फिरवा. १९ किंवा २१ ची सुई कित्येक मशीनमध्ये शटलला घासते किंवा पट्टीच्या भोकाला लागते.

वर-खाली एकच दोरा वापरा, आणि बॉबिन केसचा छोटा स्क्रू पाव फेरा सैल करा. भरलेली केस दोऱ्याला लटकवून हलका झटका दिला की ती दोन बोटं खाली यावी आणि थांबावी. जाड दोऱ्याची बॉबिन फार लवकर संपते, म्हणून आठ-दहा भरून ठेवा.

टाके तरीही सुटत असतील तर सुई आणि शटलची वेळ जुळते का ते तपासा. सुई सर्वांत खाली जाऊन साधारण अडीच मिलिमीटर वर आली, की शटलची नोक सुईमागे, डोळ्याच्या दीड मिलिमीटर वर यायला हवी, आणि दोघींमध्ये जेमतेम कागद जाईल एवढी फट. बहुतेक वेळा कोणीतरी सुईचा दांडा वर-खाली केलेला असतो. एक स्क्रू सैल करून तो जागेवर येतो. विकत घेताना हा दोष दाखवून भाव उतरवता येतो.

उंचवट्यावर फूट पुढून वर आणि मागून खाली झुकतं, टाके एकाच जागी साचतात. तेव्हा फूटच्या मागे तेवढ्याच जाडीची कापडाची घडी किंवा पुठ्ठा सरकवा, फूट सपाट झालं की कापड चालायला लागतं. जीन्स आणि कॅनव्हासचा कोपरा शिवण्याआधी लाकडी हातोडीने ठोकून चपटा करावा. दोऱ्यावर मेण फिरवलं तर तो कमी पिंजतो.

पंपाचा पट्टा शिवताना त्याचं टोक मेणबत्तीवर वितळवून घेतात, ते बरोबरच, पण तो वितळलेला कडक मणी सुई मोडतो. टीप टोकापासून एक सेंटिमीटर आत ठेवा. चौकोन आणि आत फुली, टाका साडेतीन-चार मिलिमीटर. मेणाची सुती ताडपत्री सुईला चिकटा आणते, दर काही फुटांनी सुई पुसा. प्लास्टिकच्या ताडपत्रीवर टाका शक्य तितका लांब ठेवा. बारीक टाक्याने भोकांची रांग पडते आणि पहिल्या वादळात ती पोस्टाच्या तिकिटासारखी फाटते. कडेला नवारीची पट्टी घेऊन तिच्यासकट शिवलं तर टिकते. रेक्झिनखाली-वर वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवा, नंतर फाडून काढा.

मशीन घरी आणल्यावर लगेच कामाला लावू नका. प्रत्येक तेलाच्या भोकात आणि सांध्यात रॉकेल सोडा, ते नसेल तर रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन. रात्रभर ठेवा, सकाळी पाच मिनिटं फिरवा, काळं पाणी पुसा, मग मशीन ऑइल. हेच दोन-तीनदा. काळ्या अंगावर स्पिरिट किंवा थिनर लावू नका, खालचं लाखेचं पॉलिश आणि सोनेरी नक्षी दोन्ही निघून येतात. चाकांमधला पट्टा ढिला असेल तर क्लिप काढून एक सेंटिमीटर कापा, त्याहून जास्त नाही, फार घट्ट पट्टा चाकाची घरं झिजवतो. कापसाच्या दिवसांत रुईची बारीक तूस दात्यांखाली नमद्यासारखी बसते आणि तेल शोषून घेते. रोज काम असेल तर आठवड्यातून एकदा सुईपट्टी काढून ती उकरा. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात तेल लवकर सुकतं, तेव्हा शटलच्या जागेत दररोज एक थेंब. पावसाळ्यात मशीन भिंतीपासून हातभर लांब, आणि फूटखाली तेलाने ओला केलेला कापडाचा तुकडा दाबून ठेवायचा.